चुन्याआडचा सुवर्णबुद्ध

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घरातले किडूकमिडूक सोने कपाटाबाहेर निघते, पाटावर मांडले जाते, हळदकुंकू लेवून घटकाभर निरांजनाच्या उजेडात लखलखते, आणि दिवाळी सरली की पुन्हा फडक्यात गुंडाळून आत जाते. सोन्याचे नशीबच असे. चार दिवस मिरवायचे आणि उरलेले वर्ष अंधारात काढायचे! माणसाने आपले सोने लपवावे ह्यात नवल नाही. परंतु देवच सोन्याचा असला म्हणजे? आणि तो देव एखाद्या कुडीएवढा नव्हे, तर साडेपाच टन वजनाचा असला म्हणजे? तो कुठल्या डब्यात ठेवायचा, कुठल्या कोनाड्यात दडवायचा?

असा एक देव लपवला गेला, तोही भर देवळात, सर्वांच्या डोळ्यांदेखत. लपवणारे मेले, त्यांची राजधानी जळाली, राज्य पालटले, आणि तो तसाच लपून राहिला. लोक येत होते, नमस्कार करीत होते, उदबत्त्या लावीत होते. पण आपण कोणापुढे हात जोडतो आहोत हे एकालाही ठाऊक नव्हते. ही गोष्ट सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची. दिवाळीच्या फराळाबरोबर ती वाचकांपुढे ठेवावी असे फार दिवसांपासून मनात होते.

बँकॉकच्या जुन्या हुआ लाम्फोंग रेल्वे स्टेशनापासून थोडे चालले की याओवारात नावाचा चिनी पेठेचा भाग लागतो. दुतर्फा सराफी दुकाने, तांबड्या पाट्या, माशांचा आणि तळणाचा वास. ह्या गजबजाटाच्या तोंडाशी पांढऱ्याशुभ्र संगमरवराची एक चार मजली वास्तू उभी आहे. हे वाट त्रैमित. विहाराला, मंदिराला सयामी भाषेत 'वाट' म्हणतात, आणि मराठी कानाला तो शब्द फार गोड लागतो. 'त्रैमित' म्हणजे तीन मित्र. ह्या मंदिराचे जुने नाव 'वाट साम चीन', म्हणजे तिघा चिन्यांचे मंदिर. १९३९ साली नाव बदलले तेव्हा तिघे चिनी जाऊन तिघे मित्र झाले. नामांतराचा इतका सोज्वळ प्रकार मी दुसरा ऐकलेला नाही.

सयामात मंदिरांचे दोन वर्ग आहेत. साधी मंदिरे निराळी आणि राजमंदिरे निराळी. राजमंदिरांतही पुन्हा श्रेणी आहेत. वाट त्रैमित हे आज दुसऱ्या श्रेणीचे राजमंदिर आहे. परंतु एकेकाळी ते गल्लीतले एक सामान्य देऊळ होते. त्याच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली चुन्याची एक भलीमोठी बुद्धमूर्ती वीस वर्षे बसून होती, कारण तिला पुरेल एवढे मोठे दालनच त्या मंदिरात नव्हते.

आज मात्र जोडे खाली ठेवून, पायऱ्या चढून सर्वांत वरच्या मजल्यावर गेले की क्षणभर डोळे दिपतात. समोर बुद्ध बसलेला असतो. उंची तीन मीटरांहून अधिक. अंडाकृती चेहरा, कमानदार भुवया, किंचित बाकदार नाक, खांद्यांकडे उतरलेल्या लांब कानाच्या पाळ्या, गळ्याला तीन वळ्या, रुंद खांदे आणि सिंहासारखी कंबर. मस्तकावर बारीक कुरळे केस आणि त्यांतून वर निघालेली ज्योत. उजवा हात गुडघ्यावरून खाली आलेला, बोटे जमिनीकडे.

ही मुद्रा आपल्या ओळखीची आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात ती रंगवलेली आहे, आणि सव्विसाव्या लेण्यात दगडात कोरलेली आहे. मार आपली सेना घेऊन, आपल्या कन्या घेऊन बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थाला उठवायला आला. 'ह्या आसनावर तुझा हक्क आहे, ह्याला साक्षी कोण?' असे त्याने विचारले. सिद्धार्थाने बोलून उत्तर दिले नाही. त्याने हात खाली नेऊन जमिनीला स्पर्श केला. पृथ्वी साक्षी! ह्या भूमिस्पर्श मुद्रेचा अर्थ पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

ही मूर्ती घडली ती सुखोथाय राज्याच्या काळात, तेराव्या-चौदाव्या शतकात, असे तिच्या शैलीवरून मानतात. सुखोथाय हे थाय लोकांचे पहिले मोठे राज्य. त्या नावातही आपले 'सुख' आणि 'उदय' बसले आहेत. तेथील राजा राम खामहेंग ह्याचा म्हणून प्रसिद्ध असलेला १२९२ सालचा एक शिलालेख आहे. राजपुत्र मोंगकुट भिक्षू होऊन हिंडत असताना १८३३ साली तो त्याला सापडला. हा मोंगकुट पुढे १८५१ साली चौथा राम म्हणून गादीवर बसला. सुखोथाय नगराच्या मध्यभागी विहार आहेत आणि सोन्याची बुद्धमूर्ती आहे, असे त्या लेखात म्हटले आहे. ती मूर्ती हीच काय? तसे मानायचा मोह फार होतो. परंतु त्या शिलालेखाच्या अस्सलपणाविषयीच विद्वानांत कडाक्याचे वाद झाले आहेत. तेव्हा ह्या मोहाला आवर घातलेला बरा. मूर्ती सुखोथायच्या घडणीची आहे, एवढे तिचा चेहराच सांगतो.

घडवणाऱ्यांचे कसब मात्र वादातीत आहे. मूर्ती एकसंध नाही. नऊ भाग स्वतंत्र ओतून ते एकमेकांत असे बेमालूम बसवले आहेत की सांधा दिसू नये. सोनेही सर्वत्र सारखे नाही. धडात सोन्याचे प्रमाण शेकडा ४०, हनुवटीपासून कपाळापर्यंत शेकडा ८०, आणि केस व त्यावरचा भाग, सुमारे ४५ किलोचा, शेकडा ९९ शुद्ध, असे सांगतात. खालून वर जावे तसतसा कस वाढत जातो. मूर्तीपुढे उभे राहून मी हे आकडे आठवीत होतो, तेव्हा वाटले, माणसाचेही असेच असते तर किती बरे झाले असते! आमच्यातले बहुतेकांचे सोने हातात आणि गळ्यात असते. डोक्यात असेलच, ह्याची खात्री नाही.

सुखोथायचे वैभव ओसरले. १४३८ साली ते राज्य दक्षिणेकडच्या अयुथ्येत विलीन झाले. अयुथ्या म्हणजे आपली अयोध्याच. रामाच्या नगरीचे नाव घेऊन उभी राहिलेली ही राजधानी चारशेहून अधिक वर्षे नांदली. सुखोथायच्या अनेक मूर्तींप्रमाणे ही मूर्तीही मधल्या काळात कधीतरी अयुथ्येला आली असावी.

आणि मग आले १७६७ साल. आपल्याकडे पानिपतच्या घावातून माधवराव पेशवा राज्य सावरीत होता ते दिवस. ब्रह्मदेशाच्या सैन्याने अयुथ्येला वेढा घातला होता. चौदा महिने तो चालला. एप्रिलमध्ये तट पडला, आणि मग जे झाले ते सांगायला आजही अयुथ्येचे भग्न विहार उभे आहेत. राजवाडा जळाला, ग्रंथ जळाले, माणसे गुलाम करून नेली गेली.

त्या नगरीत, राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा सी सानफेट ह्या राजमंदिरात, दुसरी एक सोन्याने मढवलेली बुद्धमूर्ती होती. १५०० साली ओतलेली, उभी, सुमारे १६ मीटर उंच. तिची कीर्ती दूरवर होती आणि ती कीर्तीच तिच्या मुळावर आली. ब्रह्मी सैनिकांनी मूर्तीला आग लावली आणि वरचे सोने वितळवून नेले. मागे राहिला तो धातूचा भाजलेला सांगाडा. पुढे बँकॉकचा पहिला राजा राम ह्याने ते अवशेष आणवले. दुरुस्त होण्यापलीकडे गेलेले ते शरीर त्याने वाट फो येथे एका मोठ्या चैत्याच्या पोटात ठेवून दिले. त्या चैत्याला आजही त्या मूर्तीचेच नाव आहे.

एक मूर्ती लखलखत राहिली आणि वितळली. दुसरी वाचली. कशी वाचली? कोणीतरी तिच्यावर जाड चुन्याचा थर दिला, वर रंगीत काचांचे तुकडे बसवले, आणि सोन्याच्या बुद्धाला अगदी साधा, भोळा, खेडवळ बुद्ध करून टाकले. लुटारू आले असतील, त्यांनी पाहिले असेल, आणि 'चुन्याचाच तर आहे' म्हणून ते पुढे गेले असतील.

हे कोणी केले? कुठल्या वर्षी? लेखी नोंद नाही. अयुथ्या पडण्याच्या सुमारास, तिच्या रक्षणाकरिताच हे झाले, असे सर्वसाधारणपणे मानतात, आणि मलाही ते पटते. भिक्षूंनी रात्रीतून मूर्ती लिंपली आणि सकाळी ते सारे मारले गेले, अशी एक रोमांचक हकीकत सांगितली जाते. तिला आधार नाही. साडेतीन हात माणसाला गिलावा द्यायचा म्हटले तरी एका रात्रीत होत नाही, हे कुठलाही गवंडी सांगेल. परंतु नोंद नाही ह्याचे मला आश्चर्य वाटत नाही. जी गोष्ट लपवायची ती लिहून ठेवणारा मूर्खच म्हणायचा. ज्यांना ठाऊक होते ते थोडेच असणार. त्यांनी ती कोणाला सांगितली नाही, आणि ज्याला सांगायची तो भेटण्यापूर्वीच काळाने त्यांना गाठले. गुपित इतके चांगले राखले गेले की ते हरवलेच.

ब्रह्मी सैन्याला हुसकावून ताक्सिनने चाओ फ्राया नदीकाठी थोनबुरी येथे राजधानी केली. १७८२ साली पहिला राम गादीवर आला आणि नदीच्या पैलतीरावर बँकॉक वसले. नवी राजधानी म्हणजे नवी मंदिरे, आणि नव्या मंदिरांना मूर्ती हव्यात. जुन्या उद्ध्वस्त नगरांत तर हजारो मूर्ती उन्हापावसात पडून होत्या. राजाने त्या गोळा करून आणण्याची आज्ञा दिली. नदीतून तराफ्यांवर बुद्धांची जणू वारीच सुरू झाली. सुखोथायच्या महाधातु मंदिरातली आठ मीटर उंचीची कांस्यमूर्ती अशीच १८०८ साली बँकॉकला आली. आज ती वाट सुथात, म्हणजे सुदर्शन मंदिरात आहे.

ह्या मेळ्यात आपली चुन्याची मूर्तीही आली. तिसऱ्या रामाच्या कारकिर्दीत, म्हणजे १८२४ ते १८५१ ह्या काळात, ती वाट चोतनाराम ह्या मंदिरात मुख्य देव म्हणून बसवली गेली. लोक त्याला वाट फ्राया क्राय म्हणत. 'चोतनाराम' म्हणजे उजळणारा आराम. देव मात्र आपला उजेड चुन्याखाली झाकून बसला होता. वजनावरून कोणाला संशय आला नसेल काय? पण विटांचा गाभा करून वर चुना चढवलेली मूर्तीही काही हलकी नसते. मोठा देव जड असायचाच, असे म्हणून हमालांनी घाम पुसला असेल.

शतक लोटले. वाट फ्राया क्राय ओस पडले, मोडकळीला आले. १९३५ च्या सुमारास ती नदीकाठची जागा ईस्ट एशियाटिक कंपनी ह्या डॅनिश व्यापारी पेढीकडे गेली. मंदिराच्या इमारती पाडल्या गेल्या, आणि देवाला बिऱ्हाड बदलण्याची पाळी आली. चिनी पेठेतल्या वाट साम चीनने त्याला आसरा दिला. जागा नव्हती म्हणून विहाराशेजारी साधे पत्र्याचे छप्पर घातले. राजमंदिराचा मुख्य देव झोपडीत आला. तिथे तो वीस वर्षे राहिला.

ह्या वीस वर्षांचे मला सर्वांत अधिक वाटते. वर तापलेला पत्रा, बाजूला बाजाराची कलकल, मध्ये महायुद्धाचा काळ. तरीही कोणी गरीब बाई येत असेल, कमळाची कळी ठेवीत असेल, मुलाचे दुखणे बरे होऊ दे म्हणत असेल. तिला सोन्याची खबर नव्हती. तिने जे मागितले ते चुन्याच्या बुद्धापाशी मागितले. तिची भक्ती शंभर नंबरी नव्हती असे कोण म्हणेल?

१९५४-५५ च्या सुमारास मंदिराने ह्या मूर्तीसाठी नवा विहार बांधला. २५ मे १९५५ रोजी मूर्ती उचलून तिथे नेण्याचे काम चालू असताना दोर तुटले आणि मूर्ती धाडकन जमिनीवर आदळली. उपस्थितांच्या काळजाचे पाणी झाले असेल. देव पडणे ह्याहून मोठा अपशकुन तो कोणता! त्या रात्री मोठा पाऊस पडला, सकाळी एका भिक्षूला चिरेतून काहीतरी पिवळे चकाकताना दिसले, असे सांगणारे सांगतात. पावसाचे काहीही असो. चुन्याचा एक टवका उडाला होता आणि आतून सोने दिसत होते, एवढे खरे.

काम थांबले. टवक्यामागून टवका जपून काढला गेला. छायाचित्रे घेतली गेली. तळाचा चुना निघाला तेव्हा मूर्तीच्या नऊ भागांचा उलगडा झाला, आणि तिथेच चुन्यात पुरलेली एक किल्लीही मिळाली. मूर्तीचे भाग सुटे करण्याची ती किल्ली! ज्यांनी लपवले त्यांनी तिला परत प्रकट करण्याची सोयही करून ठेवली होती. आपण नाही तर आपल्यामागून कोणी येईल, चुना काढील, किल्ली लावील, ही त्यांची आशा त्या किल्लीत होती. माझ्या मते साऱ्या सोन्याहून ती किल्ली मोलाची आहे.

सयामी गणनेप्रमाणे बुद्ध परिनिर्वाणाला २५०० वर्षे १९५७ साली पूर्ण व्हायची होती. त्याच्या तोंडावरच सुवर्णबुद्ध प्रकटला, तेव्हा लोकांनी हा चमत्कार मानला ह्यात नवल नाही. आणि इथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच्या बरोबर पाच महिने आधी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, आपल्या पुण्याजवळ देहूरोड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली होती. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जे झाले ते सर्वविदित आहे. ज्या भूमीतून बुद्ध पूर्वेकडे गेला तिथे तो शतकानुशतके विस्मृतीच्या चुन्याखाली होता. तो पूर्वेकडूनच परत आला, आणि त्याच सुमारास तिकडेही एका बुद्धावरचा चुना गळून पडला. इतिहासाला असल्या जुळण्यांचे काही देणेघेणे नसते. पण वाचणाऱ्याला असते.

२०१० साली वाट त्रैमितची आजची संगमरवरी वास्तू खुली झाली. खालच्या मजल्यांवर संग्रहालय आहे, आणि तिथे काढलेल्या चुन्याचे तुकडे ठेवले आहेत. वरच्या सोन्यापुढे गर्दी असते; ह्या तुकड्यांपुढे कोणी फारसे थांबत नाही. मी थांबलो. ह्या मूर्तीवर आजकाल प्रवचने होतात. 'आपल्या प्रत्येकात सोने आहे, वरचा चुना झटका म्हणजे झाले,' असे त्यांचे तात्पर्य. बोध चांगला आहे. पण तो चुन्याला अन्याय करणारा आहे. चुना हा काही मळ नव्हता. तो कोणा माणसाने हाताने, विचार करून, मायेने चढवलेले चिलखत होते. तो नसता तर आज वर सोनेही नसते. अयुथ्येची ती दुसरी, लखलखती मूर्ती चैत्याच्या पोटात निजली आहे, ती हेच सांगते.

आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. पोर्तुगिजांच्या धास्तीने १५६० साली कुशस्थळीचा मंगेश रातोरात नदीपार प्रियोळला आला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. पंढरीच्या विठोबालाही संकटकाळी आसपासच्या गावांत दडावे लागले. भक्तांवर देव राखण्याची वेळ येते, तेव्हा भक्ती म्हणजे काय ते कळते.

आणि घरोघरीही हेच. आमचे घर मराठवाड्यातले, त्या वेळच्या हैदराबाद संस्थानातले. १९४८ च्या धामधुमीत एका रात्री गाव सोडायचे ठरले तेव्हा माझ्या आजीने देव्हाऱ्यातली चांदीची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण घराच्या मातीच्या भिंतीत कुठेतरी लिंपून टाकले. कुठे, ते तिने कोणाला सांगितले नाही. 'परत आल्यावर मीच काढीन' म्हणाली. परत येण्याच्या वाटेवर ती तापाने गेली. वडिलांनी पुष्कळ भिंती उकरल्या; देव सापडले नाहीत. १९७२ च्या दुष्काळात घर विकले. आमच्याकडे तेव्हापासून दिवाळीला देव्हाऱ्यात सुपारीचा बाळकृष्ण असतो. लहानपणी मला त्याची लाज वाटे. शेजाऱ्यांकडे चांदीचे देव आणि आमच्याकडे सुपारी!

वाट त्रैमितच्या त्या चुन्याच्या तुकड्यांपुढे मला आजी आठवली. तिला मी पाहिलेले नाही. पण ज्या अनाम हातांनी तो गिलावा केला ते तिच्यासारखेच असणार: घाईतले, थरथरते, आणि तरीही 'परत आल्यावर काढू' ह्या भरवशाचे. त्यांच्या कामाला साक्षी कोण होते? नोंद नाही, नाव नाही. बुद्धाचे बोट जमिनीकडे होते, तेवढीच साक्ष.

आमच्या त्या जुन्या घरात आता कोण राहते, मला ठाऊक नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तेही भिंतीशी पणती लावीत असतील. त्या भिंतीत आमचे देव आहेत. त्यांनी ती कधी पाडली आणि मातीतून काही चमकले, तर ते त्यांनीच देव्हाऱ्यात ठेवावेत. आम्ही मागायला जाणार नाही. आमची सुपारी आता आम्हांला पुरते.